खुलासा

"शत्रूच्या सुरुंगाने गाडी उडवली, सोबतचे गेले, ह्यांचा पाय गेला, आणि तरीही हा माणूस आज तुमच्यासाठी उभा आहे," प्रचारप्रमुख माईकवर म्हणाला आणि मंडईची शेड टाळ्यांनी दणाणून गेली.

स्टेजवर बसलेल्या फौजीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. आमदारकीला उभं राहिल्यापासून स्वतःबद्दल त्याने बरंच काही ऐकलं होतं. शिस्तीचा, साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. पण सुरुंग? गाडी कांदे-बटाट्यांची होती. धुक्यात वळण चुकलं आणि ती दरीत गेली. शत्रू तेव्हा दोन डोंगर पलीकडे होता आणि बहुधा जेवत होता.

बोलायची पाळी आली तेव्हा आधी हे सांगून टाकावं म्हणून तो माईकपुढे गेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, थांबायचं नाव घेत नव्हते. थांबले तेव्हा त्याच्या तोंडून भलतंच निघालं. हॉस्पिटल आहे पण डॉक्टर नाही, एवढं बोलून तो खाली बसला.

सभा संपल्यावर शेडमागच्या गोदामात त्याने प्रचारप्रमुखाला गाठलं.

"गाडी घसरली होती. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं की." प्रचारप्रमुखाने पाण्याची बाटली तोंडाला लावली. "पण घसरलेल्या गाडीला मत कोण देणार?"

"पुढच्या सभेत मी खरं काय ते सांगणार आहे."

"सांगा. उमेदवार तुम्ही. पडलात तर मात्र माझ्याकडे बघू नका."

"पडलो तर पडलो," फौजी म्हणाला, आणि तसं म्हटल्यावर त्याला जरा हलकं वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. हातात फोन घेतलेला एक म्हातारा नुकताच आत येऊन रिकाम्या क्रेटच्या रांगेपाशी थांबला होता. गळ्यात मोजमापाची टेप तशीच होती, हातातलं काम टाकून आला असावा. फौजीने त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पण ते जड पापण्यांचे डोळे त्याने लगेच ओळखले. असेच डोळे गवईचे होते. गवई म्हणजे त्या दिवशी स्टिअरिंगवर असलेला पोरगा. गाडी चालवताना सतत गायचा, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं नाव.

"तुमची गाडी चालवणाऱ्या पोराचा मी बाप," शिंपी म्हणाला. "म्हणजे सुरुंग होता तो."

फौजीने एक रिकामं क्रेट पालथं घालून त्याला बसायला पुढे सरकवलं.

"आम्हाला कळवलं होतं, ड्रायव्हरला डुलकी लागली. मागे बसलेली दोन पोरं गेली ना, त्यातल्या एकाची आई आमच्या दारात येऊन गेली. काही बोलली नाही. उभी राहिली आणि गेली. तेव्हापासून आमची ही घराबाहेर पडत नाही." म्हाताऱ्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "इतकी वर्षं कुणी खरं का सांगितलं नाही, ते मी विचारायला आलो नाही. वरची काही कारणं असतील."

"काका, ऐका, तिथे..." फौजीने सुरुवात केली.

"मी आत्ताच हिला फोनवर सांगितलं. तिचा विश्वास बसेना. म्हणते, माझी समजूत काढताय. तुम्ही दोन शब्द बोला." फोन त्याच्या हातात चालूच होता. तो त्याने फौजीच्या हातात दिला.

फौजीने प्रचारप्रमुखाकडे पाहिलं. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असलेला तो माणूस बाटलीचं झाकण लावत होता आणि ते काही केल्या नीट बसत नव्हतं.

"तुम्ही त्याच्या शेजारी बसला होता ना?" फोनमधला आवाज बारीक होता.

"हो, काकू."

"तो झोपला होता का? तेवढंच सांगा मला."

फौजीला आठवलं. वळणाआधी गाणं थांबलं होतं. का थांबलं म्हणून त्याने बाजूला पाहिलं, तेव्हा पोराची हनुवटी छातीला टेकली होती.

"नाही, काकू," तो म्हणाला. "जागा होता. गात होता."

पलीकडून कडी काढल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा. आणि मग ती कुणाला तरी, शेजारणीला असेल, मोठ्याने सांगत असलेली ऐकू आली, "माझा जागा होता गं. ऐकलंस का? जागा होता."

शिंप्याने फोन परत घेतला आणि सदऱ्याला पुसून खिशात ठेवला.

"पुढची सभा कुठे आहे?"

"बस डेपोपाशी," प्रचारप्रमुख म्हणाला. मग घाईने म्हणाला, "पण तुम्ही कशाला काका, दगदग होईल. घरी काकू एकट्या असतील."

"तीच म्हणाली असती, जा म्हणून. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, पण एवढं बोलेन मी. लोकांनी माझ्या तोंडून ऐकलं पाहिजे."

प्रचारप्रमुखाने फौजीकडे पाहिलं, जणू आता काय ते त्यानेच ठरवायचं होतं. फौजी खाली बघत होता.

बाहेर जीप चालू होती. फौजी मागच्या सीटवर बसला आणि लाकडी पाय दोन्ही हातांनी उचलून त्याने आत घेतला. म्हातारा पुढे, ड्रायव्हरशेजारी बसला. बसल्या बसल्या त्याने काच पूर्ण खाली केली आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला चेहरा दिसेल असा तो ताठ बसून राहिला.