मेथीची रेघ

गॅसच्या बोअरचा पाइप टाकायला कंपनीने भाड्याचा करार करून तुळसाबाईच्या शेतातून चर खणला. एका बाजूला काळ्या मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला पिवळा मुरूम. "काळी माती वरच येईल, मावशी," इंजिनियर म्हणाला. पण मुरूम वर आला, तर तिथे कुसळही उगवणार नव्हतं.

चर बुजवायच्या आदल्या संध्याकाळी तिने काळ्या मातीत गुपचूप मेथीचे दाणे मिसळले; ती माती खाली गाडली गेली, तर ते उगवणार नव्हते.

बुजलेल्या चरावर ती रोज पाणी शिंपत राहिली. सहाव्या दिवशी बांधापासून बांधापर्यंत मेथीची हिरवी रेघ उठली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

महिन्याने पहिली जुडी तिने जावेच्या पदरात टाकली. तिच्याही शेतातून पाइप जाणार होता, पण जाऊ अजून कंपनीचा कागद सही न करता धरून बसली होती.

"कर सही. भाडंही मिळतं, पीकही येतं," तुळसाबाई म्हणाली. "फक्त मेथी आधी आणून ठेव."