आधी जेवून घ्या

ओसरीवर भास्करसाहेबांची लोखंडी ट्रंक ठेवून रामकिसन सरळ उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची आई साळूबाई म्हणाली, "आधी पाय धुवा भाऊ. उन्हातून आले."

सांगायचं वाक्य तर पाठ होतं. जालन्यापर्यंत रेल्वेत आणि तिथून जाफराबादपर्यंत एसटीत दुसरं काही त्यानं केलंच नव्हतं. 'आई, भास्करसाहेब लढाईत कामी आले.' एवढंच म्हणायचं होतं. उद्या सरकारी माणसं गावात येणार होती. त्याआधी आईला आपल्या माणसाच्या तोंडून कळावं, असं हवाई तुकडीच्या साहेबांनी बजावलं होतं. आपला माणूस म्हणून परभणीकडच्या रामकिसनला निवडलं. तो नसल्यानं तुकडीत कोणाचंच काही अडणार नव्हतं, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

वीस वर्षं त्यानं जुन्या विमानांची इंजिनं सांभाळली होती. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस. लढाई तोंडावर आली आणि जुनी विमानं जाऊन परदेशी बनावटीची आली. त्यांची पुस्तकं वेगळी, हत्यारं वेगळी. पोरसवदा मेकॅनिक चार महिन्यांत सगळं शिकले, रामकिसनच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी त्याला काम दिलं एवढंच, शिडी लावायची, वैमानिकाचे खुर्चीतले पट्टे आवळायचे आणि शिडी काढून घ्यायची. पोरं हसायची. एकटे भास्करसाहेब म्हणायचे, "काका, पट्टे तुम्हीच आवळा. दुसऱ्यानं आवळले की मला सैल वाटतात."

चार दिवसांपूर्वीही त्यानंच आवळले. विमान बर्फाच्या डोंगरापलीकडे पडलं. देहसुद्धा हाती लागला नाही. जरा सैल सोडले असते तर पोरगा सुटला असता का, हा प्रश्न रामकिसनला जगू देत नव्हता. तसं काही नसतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण ठाऊक असून उपयोग काय?

घरात अजून काहीच कळलेलं नाही, हे त्यानं आल्याबरोबर ओळखलं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती आणि म्हातारी परातीत पीठ मळत होती. ट्रंकेकडे तिनं एकदाच पाहिलं. सामान पुढं आलं म्हणजे लेक मागून येतोय, असंच तिला वाटलं असणार.

"तुम्हीच रामकिसनकाका ना? भास्कर पत्रात लिव्हायचा. एकदा घेऊन येतो, तुझ्या हातची भाकर खाऊ घालतो म्हणे."

"आई, मला तुम्हाला एक..."

"बसा. भाकर तव्यावर हाय, जळून जाईन."

तो बसला. ताट समोर आलं. दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढलेले. पहिला घास पोटात गेला आणि भूक अशी खवळली की त्याला स्वतःची किळस आली. या बाईचा एकुलता एक लेक गेलाय आणि आपण तिच्या चुलीपुढं बसून भाकरी मोडतोय! याच्याएवढा नीच माणूस दुसरा नसेल, असं त्याला मनापासून वाटलं.

भाकरी थापता थापता ती विचारत होती.

"ते नवं इमान बाहेरच्या देशाचं हाय म्हणे. मंग बसायची जागा आपल्या पोरायच्या मापाची असती का?"

"बराबर करून घेतात, आई."

"अन् पट्टे तुम्ही आवळता."

"हो."

"घट्ट?"

"बिलकुल घट्ट."

"बरं केलं," ती म्हणाली. "लहानपणी बैलगाडीतबी माझा हात धरून बसायचा. सैल धरला की रडायचा."

रामकिसनला रडू फुटणार होतं. त्यानं मान खाली घातली. तिनं ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"पुरे, आई. मला आधी सांगू द्या."

"जेवताना बोलू न्हाई भाऊ. ठसका लागतो."

स्वतः मात्र ती इतका वेळ बोलत होती.

"तुम्ही नाही बसत?"

"मला आज न्हाई."

उपास असेल, असं तो समजला. तिसरी भाकरी त्यानं कशीबशी संपवली. आता काही झालं तरी बोलायचंच, असं ठरवून तो उठला. त्यानं हात धुतले, चूळ भरली, शर्टाची बटणं नीट केली. आत येऊन पुन्हा ताठ उभा राहिला.

साळूबाईनं परातीत उरलेलं पीठ झटकलं. भाजीचं पातेलं उतरवून ठेवलं. मग पाण्याचा तांब्या उचलून तिनं भडकलेल्या चुलीत सगळा ओतला. राखेचा लोट उठला. रामकिसन बघतच राहिला. भर दुपारी असा जाळ कोणी विझवतं का?

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. पदर कपाळावर ओढून घेतला. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आता सांगा," ती म्हणाली. "वरच्या हापिसाची तार कालच आली. त्याचं सामान घेऊन माणूस येतोय, हेबी तिच्यात होतं. पोष्टमनला म्याच शपथ घातली, गावात बोलू नको म्हणून. बभ्रा झाला असता तर सुतकाच्या घरात चूल पेटवता आली नसती, अन् माझ्या लेकानं बोलावलेला पाव्हणा उपाशी गेला असता."