दादाच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती

“कुणी सांगितलं होतं दादाला नसती उचापत करायला?” छोट्या कडाडला. समोरचा स्क्रीन ठार काळा होता. बटणावरचा दिवा पेटलेला, आतला पंखा फिरतोय, पण चित्राचा पत्ता नाही.

वहिनी फडकं हातात धरून दाराशी उभी होती. टेबल पुसताना तिनेच हे पाहिलं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या दिराला हाक मारली होती. दादा खाली पाय मोकळे करायला गेला होता.

“सकाळी ह्यांनी कसलंसं नवं सॉफ्टवेअर टाकलं, भाऊजी. आणि उद्या काम द्यायचंय हो!”

छोट्याचं डोकंच फिरलं. डोळे गेल्यावर दादाची नोकरी गेली. दारोदार नकार ऐकून आत्ता कुठे हे पहिलं काम मिळालं होतं. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करून द्यायचं. ते चुकलं तर दुसरं कोण देणार? आणि हा गडी त्याच मशीनवर प्रयोग करतो! कॉम्प्युटर कोळून प्यायलेला सख्खा भाऊ घरात आहे, पण विचारेल तर शपथ. मशीन चालवणारी ती लिनक्स सिस्टीमसुद्धा आपली आपणच टाकली. “जमतं रे मला,” म्हणे. जमलं, दिसतंय ना!

टेबलावरचा हेडफोन डासासारखा गुणगुणत होता. छोट्याने तो वैतागून बाजूला सारला. सगळ्या कळा दाबून पाहिल्या. मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. स्क्रीन काळाच. मेली ती गुणगुण तेवढी परत सुरू झाली. मग त्याने खिशातला पेन ड्राइव्ह लावला आणि मशीन त्यावरून सुरू केलं. लख्ख चित्र आलं.

“बघा! स्क्रीन धडधाकट आहे. दादाच्या त्या सॉफ्टवेअरनेच सगळी वाट लावलीय. आता पुसून काढतो आणि पहिल्यापासून लिनक्स टाकतो.”

“आतलं काही जाणार नाही ना?”

“फायली त्या ऑफिसच्या साइटवर जातात ना? मग इथे काय उरतं?”

“तरी पण ह्यांना येऊ द्या. एकदा विचारून...”

“त्याला विचारून काय होणार, वहिनी? त्याला काय दिसतंय का!”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. वहिनी खाली बघू लागली. छोट्याने रागारागाने बटण दाबलं.

दादा परतला तेव्हा स्क्रीनवर हिरव्यागार डोंगराचं चित्र झळकत होतं. वहिनीचा जीव भांड्यात पडला होता. छोट्या हाताची घडी घालून, चार शब्द सुनावायच्या तयारीत बसला होता.

“छोट्या आलाय वाटतं?” दादा खुशीत होता. काठी कोपऱ्यात ठेवत तो म्हणाला, “बरं झालं आलास. अरे, काय झकास सॉफ्टवेअर मिळालंय! अक्षरन् अक्षर कानात वाचून दाखवतं. स्क्रीन लागतोय कुणाला, तो काळाच करून टाकला. दिवसभर बसलो आणि सगळं काम संपवलं बघ. आता एकदा ऐकतो आणि पाठवून देतो.”

छोट्याची घडी सुटली.

दादाने खुर्ची ओढली, चाचपत हेडफोन शोधला, कानाला लावला. दोन-चार कळा दाबल्या. थांबला. पुन्हा दाबल्या. डोंगराचा हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता.

“छोट्या,” तो म्हणाला, “हे बंद पडलंय रे.”