चुकांचा पट्टा

मृण्मयीनं मनगटावर पट्टा घट्ट बांधून घेतला. मुलांना मारायला बंदी होती, म्हणून इंग्रजी शाळेच्या प्रवेशपरीक्षेत मुलांच्या चुकांचे विजेचे झटके आता या पट्ट्यातून आईला बसत.

तिची सात वर्षांची रेवा प्रश्न वाचताना अडखळली, तसा पहिला झटका बसला. तिसऱ्याला मृण्मयी खुर्चीवरून खाली कोसळली. कातडी करपल्याचा वास आला.

"काही नाही गं, मुंगी चावली. लिही तू."

रेवानं पेन्सिल खाली ठेवली. "कोरा पेपर दिला तर तुला लागणार नाही ना, आई?"

"कोऱ्या पेपरला शाळा कोण देणार? लिही!"

रेवानं नकारार्थी मान हलवली. मृण्मयीनं उठून त्याच भाजलेल्या हातानं तिच्या कानाखाली वाजवली.

रेवा रडली नाही. तिनं पेन्सिल उचलली आणि आईच्या डोळ्यांत बघत मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं.