पाहुणीचा कप

सुहैरने कॉफीचा कप घेतला आणि न पिताच चटईवर ठेवला. तिची नजर समुद्राकडे होती. अकबाच्या दक्षिण किनाऱ्यावर तंबूंची रांग लागली होती. पाण्यात तिची मुलगी रीमास टायरवर तरंगत होती. उद्या बाप तिला दोहाला नेणार होता. कायमची.

घटस्फोटाच्या वेळी नवाफने विचारलं होतं, "मुलगी माझ्याकडे राहू दे?" सुहैर हो म्हणाली होती. तेव्हापासून ती सगळ्यालाच हो म्हणायची. "निरोपाची सहल आहे, तूही ये," यालाही ती हो म्हणाली. रीमास जाणार हे तिला माहीत होतं. जाणवत मात्र काहीच नव्हतं. दातासाठी सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तसं.

"अगं, कॉफी आहे ती, औषध नाही!" गप्पा मारायला आलेले शेजारच्या तंबूतले अबू धियाब हसले. मग त्यांनी चटईकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं.

कप एकच, हातोहात फिरणारा. तो अडला की सगळे अडतात. आणि इथली रीत अशी, की पाहुण्याने भरला कप खाली ठेवला, तर त्याचं काही मागणं असतं. ते पुरं करण्याचा शब्द मिळेपर्यंत तो पीत नाही. सून होती तोवर या घरात सुहैर कॉफी ओतायची. आज नवाफची आई ओतत होती आणि सुहैर पाहुणी होती.

"आई, तिला तसं काही म्हणायचं नाहीये," नवाफ घाईने म्हणाला. "काय गं, काही नाही ना?"

सुहैरने मान वळवली. कशाबद्दल चाललंय तिला कळेना. नेहमीचा हो तिच्या ओठांवर आला.

"तू गप्प बैस," नवाफची आई त्याला म्हणाली. तिने कॉफीचं भांडं वाळूत टेकवलं. "अबू धियाब, तुम्ही साक्षीला आहात. पी कॉफी, पोरी. तुझी मुलगी तुझ्याजवळ राहील. दिला शब्द."

नवाफने तोंड उघडलं, अबू धियाबांकडे पाहिलं आणि मिटलं. तो उठून पाण्याकडे चालू लागला.

सुहैर पुटपुटली, "मावशी, मी काही मागितलं नव्हतं हो. मी नुसती..."

म्हातारीने कप उचलून तिच्या हातात दिला आणि कानाशी वाकली.

"प्यायचं विसरलीस. दिसलं मला. तू कधी मागतेस म्हणून सकाळपासून वाट बघतेय मी. आता पी, त्याला कळायच्या आत."