जॅकखालचा माणूस

उकंडरावनं पाना फिरवला अन् मदनसिंगचं कानशील फुटलं. केनवडला, मदनसिंग ट्रॉली उचलायचे जॅक बनवायचा त्या शेडपुढं अख्खा बाजार जमला होता. कोणी मधात पडलं नाही.

"तुया जॅकनं माया भाऊ चेंदला, हरामखोरा! रामराव उचललेल्या ट्रॉलीखाली ग्रीस मारून राह्यला होता. धपकन खाली आली. मी ट्रॅक्टरवरून उडी टाकून जाईस्तोर तो सपाट!"

मदनसिंग थुंकला. थुंकीत दात होता.

"ट्रॅक्टरच्या सीटजवळच्या लिव्हरले हात लावल्याशिवाय माया जॅक खाली येत नसते. दर जॅक विकायच्या आधी मी गिऱ्हाइकासमोर भरल्या ट्रॉलीखाली निजतो. रामरावलेबी तसाच देल्ला."

"मंग आज निज. त्याच जॅकखाली."

तीच ट्रॉली आणली होती. चेसिसवरचे डाग कोणी धुतले नव्हते. काळ्या दगडांनी ती भरली. ड्रायव्हरनं वर उचलली अन् तो उतरला. मदनसिंग रक्त पुसत चेसिसवर उताणा पडला.

उकंडरावनं ट्रॅक्टरच्या पायरीवर पाय ठेवला. मागून रामरावच्या बायकोनं, गोजराबाईनं, त्याला कोपरानं बाजूला लोटलं.

"सरका, भाऊजी. लिव्हरपाशी मी बसतो."

"वयनी, हे बाईचं काम नाही."

"नवरा माया मेला. मारायचं तर मीच मारीन."

"बस, माय!" गर्दी ओरडली.

ती बसली. सावल्या लांबल्या. ट्रॉली तशीच.

उकंडरावनं घण घेतला अन् जॅकवर घातला. ठिणग्या उडाल्या. लाथा घातल्या. आणखी दगडं टाकायला लावली. ट्रॉली बोटभर हलली नाही.

"तुमी दमल्या असान, वयनी. उतरा, मी बसतो."

ती उतरली नाही.

"जॅक पक्का हाय राजेहो," कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

मदनसिंग सरपटत बाहेर आला. खाली पडलेला पाना त्यानं उचलला. उकंडराव दोन पावलं मागं सरला. मागं माणसं दाटून उभी होती.

"चूक झाली बुवा. चाला वयनी, घरी जाऊ."

गोजराबाईनं पदर खोचला. लिव्हरवर हात ठेवला.

"निजा, भाऊजी. त्या दिवशी या सीटवर तुमी होते."