लग्नासाठी पंधरा मिनिटं

"तू एका अत्यंत व्यस्त नेत्याचा पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला स्वीय सहायक आहेस," असं नरहरी भाऊसाहेबांनी मोबाइलवर लिहिलं आणि नेमणूकपत्र दिल्यासारखं पडद्याकडे पाहिलं.

भाऊसाहेब म्हणजे आंबेपाड्याचे ग्रामसेवक. महिन्यापूर्वीच बदलून आलेले, रोज चिंचणीहून मोटारसायकलवर येत. एआयला सूचना कशा द्यायच्या याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी पालघरला घेतलं होतं, त्यामुळे पहिल्याच दिवसापासून ते त्याला अरेतुरे करत. ज्या व्यस्त नेत्यासाठी हा खटाटोप चालला होता, त्या सरपंच जिवलीबाई ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून नागलीची भाकर खात होत्या.

भाऊसाहेबांनी दिवसाची कामं टाकली. चार सेकंदांत वेळापत्रक आलं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं.

"साडेनऊ ते पावणेदहा, गावातील लग्नास उपस्थिती. आशीर्वाद, एक छायाचित्र, निरोप. दहा वाजता पाण्याच्या टाकीच्या जागेची पाहणी, पाणीपुरवठा विभागाच्या साहेबांसोबत…"

"लगनाला किती?"

"पंधरा मिनिटं. पुढाऱ्यांना तेवढी पुरतात, ताई. काही जण तर सातात उरकतात."

"भाऊसाहेब, लगीन मीच लावनार हाय."

वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. ती गाते, आणि तिचं गाणं पुरं होतं तेव्हा लग्न लागतं. आंबेपाड्याची धवलेरी जिवलीबाई. सरपंच दोन वर्षांपासून, धवलेरी तीस वर्षांपासून.

"पंधरा मिनिटांत काय, अर्धा लगीन लावून येऊ?"

"याला ते माहीत नव्हतं," भाऊसाहेबांनी मोबाइलकडे बोट दाखवलं.

"त्याला नव्हता. तुमाला?"

भाऊसाहेबांनी खाली मान घालून सूचना सुधारली. उत्तर आलं. सहायकाने गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि पाहणी पुढच्या आठवड्यात ढकलण्याचा सल्ला दिला.

तेवढं एक जमण्यासारखं नव्हतं. टाकीच्या जागेवर गावातली शंभर माणसं हजर हवीत, त्यांच्या सह्या हव्यात, अशी योजनेची अट होती. दोन पाहण्या फुकट गेल्या होत्या. दोन्ही वेळा पाडा बोईसरच्या कारखान्यांत शिफ्टवर होता, आणि जागेवर सरपंच, अकरा म्हाताऱ्या आणि एक बोकड एवढेच हजर. आज तिसरी. आज शंभर भरले नाहीत तर टाकी दुसऱ्या गावाला जाणार, आणि आंबेपाड्याच्या बाया आणखी पाच वर्षं हंडे घेऊन टेकडी उतरणार.

जिवलीबाईंनी हात धुतले. "आना तो इकडं. कुठं बोलायचा?"

भाऊसाहेबांनी माइकचं चिन्ह दाबून दिलं.

"आयक बाबा. मी जिवली, धवलेरी हाय. आज रूपलचा लगीन हाय. सगला पाडा मांडवात हाय, कंपनीतली मानसां पन सुट्टी टाकून आलीत. टाकीची जागा मांडवाच्या मागंच हाय. मना हालता येनार नाय. सायबाला कागद लिव, तूच मांडवात ये. नीट लिव, त्याला राग येल असा नको."

या वेळी सात सेकंद लागले.

"लाभार्थी ग्रामस्थ विवाहस्थळी मोठ्या संख्येने उपस्थित असल्याने," भाऊसाहेब वाचू लागले, "सदर पाहणी तेथेच करणे प्रशासकीयदृष्ट्या सोयीचे होईल." त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं. मग म्हणाले, "ताई, हे आम्हाला प्रशिक्षणात नाही शिकवलं."

"कागद धाडा," जिवलीबाई म्हणाल्या आणि मांडवाकडे निघाल्या.

साहेब अकराला आले. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी नवरीच्या काकाला, कैलासला, विचारलं, "सरपंच कुठे आहेत?"

"त्या काय, गातात."

"जरा बोलवता?"

कैलासने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, गाना थांबला तर लगीन थांबंल. बसा."

त्याने चटई टाकली. साहेब बूट काढून बसले. जिवलीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण सूर हलला नाही. पंचेचाळीस मिनिटं साहेबांनी मोबाइल काढला नाही. आंबेपाड्यात रेंज फक्त ग्रामपंचायतीच्या पायरीवर येते हेही खरं, पण शेवटी शेवटी ते मान डोलवत होते, त्याचा रेंजशी संबंध नव्हता.

लग्न लागलं. सगळा मांडव उठून मागच्या मोकळ्या जागेत गेला. साहेबांनी वऱ्हाडी सोडून डोकी मोजली. एकशे त्र्याऐंशी. त्यात नवराही आला होता; तो बाहेरगावचा म्हणून वगळला, एकशे ब्याऐंशी. हळदीच्या बोटांनी सह्या झाल्या, कागदाच्या कडा पिवळ्या झाल्या.

शेवटी त्यांनी पेन जिवलीबाईंपुढे धरलं. "इथे सही. आणि खाली पद."

जिवलीबाईंनी सावकाश एकेक अक्षर जोडून सही केली. खाली लिहिलं : धवलेरी.

"सरपंच लिहायचं होतं, ताई," साहेब हलकेच म्हणाले.

"ता पाच वरसांचा हाय, सायब."

साहेबांनी कागदावरच्या ‘पद’ या शब्दावर बोट ठेवलं.

जिवलीबाईंनी कागद पुन्हा जवळ ओढला. खाली थोडी जागा उरली होती. तिथे, साहेबांचं काम अडू नये म्हणून, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : सरपंच.